दहाची वेळ चाळीस जणांना

"उद्या सकाळी दहाला या," एवढं सांगून रिसेप्शनवरची ताई पुढचा फोन घेते. दिवसभरात हेच वाक्य ती चाळीस जणांना सांगते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता चाळीसही जण हजर असतात. कुणाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात दुकानाच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली फाइल. डॉक्टरांना एका रुग्णामागे सरासरी सहा मिनिटं लागतात असं धरलं, तर चाळिसावा माणूस आत जायला दोन वाजत येतात. तो पहाटेच्या एसटीनं निघालेला असतो, आणि 'शुगर तपासायची आहे, काही खाऊन येऊ नका' असंही त्याला कुणीतरी बजावलेलं असतं.

यात ताईचा दोष नाही. दहाशिवाय दुसरी कोणती वेळ द्यावी, हे ठरवायला तिच्याकडे काहीच साधन नाही. कुठल्या रुग्णाला आत किती वेळ लागतो, कोण हमखास येतं, कुणाची गाडी किती वाजता सुटते, हे सगळं तिला थोडंफार ठाऊक असतं, पण ते कुठंच लिहिलेलं नसतं.

दहा ते पन्नास खाटांची रुग्णालयं चालवणारे डॉक्टर, त्यांचे व्यवस्थापक आणि काउंटरवर बसणारी मंडळी यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशा रुग्णालयांच्या नोंदी लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. पहिला प्रश्न बहुधा 'कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?' असाच येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी पंधरा दिवस घड्याळ लावून वेळा लिहा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

लिहायच्या आहेत चार वेळा. रुग्णाला दिलेली वेळ, तो आल्याची वेळ, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची. केसपेपरला एक लहान चिठ्ठी टाचा. पहिल्या दोन वेळा काउंटरवर लिहायच्या, उरलेल्या दोन डॉक्टरांच्या दाराशी नावं पुकारणाऱ्या मावशींनी किंवा वॉर्डबॉयनं. दोन्हीकडची घड्याळं आदल्या संध्याकाळी जुळवून घ्या. नाहीतर माणूस येण्याआधीच आत गेला, असली नोंद हमखास सापडते. 10:12 झाले असतील तर 10:12च लिहायचं, 'सव्वादहा' नाही, हेही सांगावं लागतं. अशी तीन मिनिटं इकडे तिकडे झाली की सहा मिनिटांच्या तपासणीचा हिशेबच लागत नाही.

याच चिठ्ठीवर आणखी तीन गोष्टी हव्यात. माणूस कशासाठी आला: नवीन, फेरतपासणी, रिपोर्ट दाखवायला, ड्रेसिंग किंवा टाके काढायला. त्याचं गाव कोणतं. आणि डॉक्टर मध्येच उठून गेले असतील तर किती वेळ आणि कशासाठी: लेबर रूम, इमर्जन्सी, वॉर्डातला फोन, औषध कंपनीचे प्रतिनिधी. ही तिसरी नोंद डॉक्टरांना आवडत नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. डॉक्टर पंचवीस मिनिटं बाहेर असताना थांबलेल्या रुग्णाच्या नावावर 'तपासणीला एकतीस मिनिटं' अशी खोटी नोंद पडते.

वाट बघून कंटाळून जे निघून गेले, त्यांची चिठ्ठी फाडून टाकू नका. त्यांच्यावर 'न दाखवता गेले' असं लिहून वेळ टाका. माझ्या मते रुग्णालयाच्या नोंदींतली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे, आणि बिल झालं नाही म्हणून नेमकी तीच कुठल्याच यंत्रणेत उरत नाही.

ज्यांच्याकडे आधीपासून संगणक आहे त्यांना वाटतं, आपल्याकडे वर्षाचा डेटा तयार आहे. तो वापरण्याआधी एक दिवस स्वतः काउंटरच्या मागं बसून बघा. संगणकातली वेळ ही पुष्कळदा बिलाची वेळ असते, रुग्ण आत गेल्याची नव्हे. गर्दीच्या दिवशी आधी कच्च्या वहीत नावं लिहितात आणि जेवणाच्या सुट्टीत ती संगणकात चढवतात. मग सकाळचे तीस रुग्ण दोन ते अडीचच्या दरम्यान आलेले दिसतात. ऑक्टोबर 2022 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 'स्कॅन अँड शेअर'ची सोय आली. रुग्णालयात लावलेला क्यूआर कोड रुग्णानं मोबाइलनं स्कॅन केला की त्याचं नाव-वय काउंटरवर पोचतं आणि त्याला टोकन मिळतं. नोंदणीची रांग त्यानं खरोखर कमी होते. पण टोकन घेतल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत काय झालं, ते त्यातून कळत नाही. ते तुम्हालाच मोजावं लागेल.

पंधरा दिवसांनी चिठ्ठ्या एक्सेलमध्ये भरा. नाव टाकू नका, चिठ्ठीचा क्रमांक पुरे. भरल्यावर आधी अशक्य नोंदी शोधा. ब्राझीलमधल्या विटोरिया शहराच्या सार्वजनिक दवाखान्यांतल्या 2016 सालच्या 1,10,527 अपॉइंटमेंट्सचा एक संच जगभरचे विद्यार्थी सरावाला घेतात. एवढ्या नावाजलेल्या संचातही एका रुग्णाचं वय उणे एक वर्ष आहे. तुमच्या वहीतही तसं काही निघेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ती ओळ हिशेबातून काढा.

मग तपासणीचा वेळ काढायचा, पण सगळ्यांचा मिळून नाही. नवीन, फेरतपासणी, रिपोर्टवाले असे गट पाडा आणि प्रत्येक गटाचा मध्यक काढा. दहावीच्या गणितात शिकलेला मध्यक इथं सरासरीपेक्षा उपयोगी पडतो, कारण चाळीस मिनिटं लागलेला एखादा गुंतागुंतीचा रुग्ण सरासरी वर खेचतो, मध्यकाला हलवत नाही. समजा नवीन रुग्णाला बारा मिनिटं निघाली, फेरतपासणीला पाच आणि रिपोर्टला तीन. आता ताईनं फोनवर पहिला प्रश्न काय विचारायचा ते ठरलं: "नवीन दाखवायचंय, की आधी दाखवलंय?" या एका प्रश्नानं निम्मा गोंधळ आवरताना मी पाहिला आहे.

आता अवघड भाग. 'डॉक्टर खुर्चीत बसल्याची वेळ' असा रकाना वेगळा काढा आणि ओपीडीच्या फलकावर लिहिलेल्या वेळेशी ताडून बघा. चाळीस रुग्णांना ओळीनं वेळा दिल्या आहेत, मध्ये मोकळी जागा नाही आणि डॉक्टर चाळीस मिनिटं उशिरा बसले, तर तो उशीर प्रत्येकाच्या वाट्याला येतो. चाळीस गुणिले चाळीस म्हणजे सोळाशे मिनिटं, सव्वीस तास चाळीस मिनिटं. ही एका सकाळची किंमत आहे आणि ती रोजंदारी बुडवून आलेली माणसं भरतात. डॉक्टर आळशी असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पहाटेचं सिझेरियन, त्यानंतर वॉर्डाचा राउंड, मग ओपीडी, असा त्यांचा दिवस असतो. पण पंधरा दिवसांत बारा वेळा ओपीडी 10:40 ला सुरू झाली असेल, तर फलकावर 10:40 लिहावं. राउंड आधी उरकता येत नसेल तर पहिली वेळ पुढं ढकलावी. हा आकडा व्यवस्थापकानं डॉक्टरांना एकट्यात, कागद समोर ठेवून दाखवावा. सगळ्या स्टाफसमोर दाखवला की त्या दिवसापासून चिठ्ठ्या भरणं बंद होतं.

वेळा कशा वाटायच्या, याचा एक जुना नियम अजूनही कामाचा आहे. 1952 साली वेल्च आणि बेली या दोघांनी ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्यांचा सल्ला असा की सुरुवातीच्या वेळेला दोघांना बोलवावं आणि त्यानंतर सरासरी तपासणीच्या अंतरानं एकेकाला. पहिला माणूस उशिरा आला तर दुसरा तिथं असतो, डॉक्टरांची खुर्ची रिकामी राहत नाही आणि बाकीच्यांना फारसं थांबावं लागत नाही. आपल्याकडे यात थोडा बदल मी सुचवतो. रिपोर्टवाले आणि फेरतपासणीवाले पहिल्या तासात घ्यावेत, कारण त्यांच्या वेळेचा अंदाज बांधता येतो. नवीन रुग्ण नंतर, आणि दर तासाला एक जागा कोरी सोडावी.

ती कोरी जागा सोडायला कुणी तयार नसतं. 'एवढी गर्दी असताना रिकामा वेळ?' पण रांगेच्या गणितातला साधा नमुना काय सांगतो ते पाहा. माणसं अनियमित येत असतील आणि तपासणीचा वेळही कमी-जास्त होत असेल, तर डॉक्टरांचा 80 टक्के वेळ भरलेला असताना रुग्णाला सरासरी चार तपासण्यांइतकं थांबावं लागतं. 90 टक्के भरला की नऊ तपासण्यांइतकं, 95 टक्के भरला की एकोणीस. सहा मिनिटांच्या तपासणीला हेच अनुक्रमे 24, 54 आणि 114 मिनिटं होतात. तुमच्या ओपीडीत आकडे जरा वेगळे पडतील, पण शेवटी शेवटी घुसवलेले दोन-तीन रुग्ण सगळ्यांची सकाळ कशी खातात, ते यावरून लक्षात येईल. तासाची कोरी जागा वाया जात नाही. त्यात तापानं फणफणलेलं पोर येतं, पडून हात मोडलेली आजी येते. तसं कुणी आलंच नाही तर मागं पडलेली रांग भरून निघते.

वारांचा हिशेबही इथं आलाच. सोमवारी गर्दी असते हे सगळे सांगतात. पण तुमच्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो, हे कुठल्याच तयार सॉफ्टवेअरला माहीत नसतं. बाजाराला येणारी माणसं त्याच फेरीत डॉक्टरांकडे डोकावतात. वेगळा दिवस काढून यायचं म्हणजे दुसऱ्यांदा गाडीभाडं. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी होते. त्या दिवशी सरकारी केंद्रावरून सोनोग्राफी लिहून दिलेल्या बाया दुपारी कुठं जातात, ते जवळच्या सोनोग्राफीवाल्याला विचारा. पेरणीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते, आणि पुढं ढकललेली सगळी दुखणी मग एकदम येतात. चिठ्ठ्यांवरच्या तारखांपुढं बाजार, सण, पेरणी, ऊसतोड असं पेन्सिलीनं लिहीत गेलात, तर वर्षभरात तुमच्या गावाचं असं कॅलेंडर तयार होतं, जे विकत कुठंच मिळत नाही.

वेळ घेऊन न येणाऱ्यांचा प्रश्न यानंतर घ्यायचा, आधी नाही. या बाबतीत आकडे फसवतात. विटोरियाच्या त्याच संचात साधारण 20 टक्के लोक आलेच नाहीत. ज्यांना आठवणीचा एसएमएस गेला होता त्यांच्यातले 27-28 टक्के गैरहजर, ज्यांना गेला नव्हता त्यांच्यातले 16-17 टक्के. घाईनं वाचणारा म्हणेल, एसएमएसमुळं लोक येईनासे झाले. खरं कारण वेगळं आहे. एसएमएस फक्त काही दिवस आधी वेळ घेतलेल्यांनाच जात होते, आणि जितकी आधी वेळ घेतलेली तितका माणूस न येण्याचा संभव जास्त. त्याच दिवशी वेळ घेऊन त्याच दिवशी दाखवणाऱ्यांत गैरहजर पाच टक्क्यांहून कमी होते. तेव्हा आपल्या आकड्यांवरून काही ठरवण्याआधी, फोन केल्यापासून वेळ मिळेपर्यंत किती दिवस गेले, तो रकाना जरूर काढा. बहुतेकदा उपाय तिथंच सापडतो: महिन्यानंतरची तारीख देण्याऐवजी त्या आठवड्यातल्या काही जागा राखून ठेवणं.

मग न आलेल्या वीस जणांना फोन करा. दटावायला नाही, विचारायला. बरं वाटलं, पैसे नव्हते, एसटी आली नाही, ही उत्तरं अपेक्षितच असतात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं उत्तर होतं, "सोबत यायला कुणी नव्हतं." ते प्रामुख्यानं वयस्क बायांकडून आलं. त्यांना मुलाच्या सुट्टीचा वार विचारून वेळ दिली की त्या येतात. आठवणीचा फोन आदल्या संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान करावा, शेतातून माणसं परतलेली असतात. "नाही जमत तर सांगा, दुसरी वेळ देते," असं म्हटलं की लोक मोकळेपणानं नाही म्हणतात आणि ती जागा दुसऱ्याला देता येते. बीपी आणि शुगरच्या रुग्णांचा फोन तर उपचाराचाच भाग समजावा. 2017 साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. गोळ्या न्यायला न आलेल्यांची यादी काढून त्यांना परत बोलावणं, हा त्या कामाचा कणाच आहे. गोळी सुटलेला माणूस पुढच्या वेळी स्ट्रेचरवरून येऊ शकतो.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. कोण येणार नाही याचा अंदाज संगणकाकडून घ्यायचा आणि त्या माणसाच्या वेळेवर आणखी एकाला बसवायचं, असं काही यंत्रणा करतात. अमेरिकेत समोरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेव्हा दिसलं की अशा दुहेरी वेळा कृष्णवर्णीय रुग्णांच्या वाट्याला जास्त येतात आणि आल्यावर त्यांना जास्त थांबावं लागतं. आपल्याकडे हेच कसं घडेल? दिवसातून एकच गाडी असलेल्या पाड्यावरची, तांड्यावरची माणसं जास्त वेळा चुकतात. यंत्रणा ते शिकणार, त्यांना दुहेरी वेळ देणार, आणि गाडी पकडून धापा टाकत आलेल्या बाईलाच सगळ्यात जास्त ताटकळावं लागणार. गावाचा रकाना मी लिहायला सांगितला तो तिची वेळ तिच्या गाडीला जुळवून देता यावी म्हणून.

आता या सगळ्या नोंदी सांभाळायच्या कशा, त्याबद्दल. ही माहिती रुग्णांची आहे, आपल्याकडे ती ठेवायला दिलेली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घेण्याची तरतूद आहे. ही सूचना मराठीतही मागता येते, आणि माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याची भीती बाजूला ठेवून तालुक्याच्या गावाचा विचार करा. नाव काढून टाकलं तरी 'वय 19, अमुक वाडी, स्त्रीरोग विभाग, मंगळवार' एवढ्यावरून ती मुलगी कोण हे सगळ्या वाडीला कळतं. म्हणून हिशेबाच्या तक्त्यात नेमकं वय नको, वयोगट ठेवा. गावांऐवजी एसटीचा मार्ग लिहा, म्हणजे एका ओळीत चार-पाच गावं येतात आणि वेळ ठरवायला तेवढं पुरतं. कॉलेजचा मुलगा तक्ता करून देणार असेल तर त्याला चिठ्ठ्या देऊ नका, नावाविना तक्ताच द्या. दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांच्या यादीचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती आजच बंद करा.

आठवणीच्या संदेशात 'उद्या 11:20 ला तपासणीची वेळ आहे' इतकंच लिहा. विभागाचं नाव नको, आजाराचं तर नकोच. घरात एकच मोबाइल असतो आणि तो दिराकडे किंवा सासऱ्यांकडे असतो. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवणं, एचआयव्ही असलेल्याची स्थिती उघड न करणं, मानसिक आजाराच्या उपचारांची गुप्तता पाळणं, या तिन्ही गोष्टी कायद्यानं बंधनकारक आहेत आणि एका एसएमएसनं त्या मोडू शकतात. नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: "या नंबरवर फोन केला तर चालेल ना? कधी करू?" उत्तर केसपेपरवर लिहा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी रोज काही जागा काउंटरवर येऊन नंबर लावणाऱ्यांच्या राहू द्या. त्या ऑनलाइनला देऊ नका, कितीही मागणी असली तरी.

महिनाभर नव्या वेळा चालवल्यावर पुन्हा आठवडाभर चिठ्ठ्या लावा. थांबण्याचा मध्यक कमी झाला का ते बघाच, पण सगळ्यात जास्त थांबलेले दहा जण कोण, तेही एकेक करून पाहा. कधीकधी मध्यक सुधारतो आणि त्या दहांचे हाल वाढलेले असतात. ते सगळे एकाच मार्गावरचे निघाले, किंवा सगळेच म्हातारे निघाले, तर वेळा वाटण्यात कुठंतरी चूक आहे. 'न दाखवता गेले'च्या चिठ्ठ्या मागच्या वेळेपेक्षा कमी झाल्या का, हेही मोजा.

नवीन डॉक्टर रुजू झाले, सोनोग्राफीचं यंत्र बदललं किंवा एसटीचं वेळापत्रक बदललं, की जुने आकडे शिळे होतात. वर्षातून दोन आठवडे यासाठी राखून ठेवा, एक तापाच्या साथीचा पावसाळ्यातला आणि एक हिवाळ्यातला. आणि ताईच्या फोनशेजारी भिंतीवर एसटीच्या परतीच्या गाड्यांचा तक्ता लावा, मार्गानुसार, शेवटची गाडी लाल शाईनं. वेळ देण्याआधी तिनं तिकडं एकदा बघायचं.